बीडी, डीडी आणि काळा कोट

जहाजावर काय घालावं हा प्रश्न माझ्या आयुष्यात त्रेसष्टाव्या वर्षी आला. तोपर्यंतचा माझा पाण्यावरचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे भाऊचा धक्का ते रेवस, आणि त्या लाँचवर कपड्यांबाबत एकच संकेत पाळला जाई : पोटातलं जे काही बाहेर येईल ते शेजाऱ्याच्या पायजम्यावर पडू नये.

मुलीने आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाची चार रात्रींची तिकिटं काढली. ती नोकरीसाठी कोलकात्यात असते, सॉल्ट लेकच्या एफसी ब्लॉकात. म्हणून डोंबिवलीहून आधी तिच्याकडे आठवडाभर, मग तिथूनच रात्रीच्या विमानाने सिंगापूर, असा बेत. तिकिटांसोबत अकरा पानी सूचना होत्या. मी चौतीस वर्षं सरकारी ऑडिटर होतो. मी त्या सगळ्या वाचल्या. नवव्या पानावर बॉम्ब होता : तिसऱ्या रात्री ‘फॉर्मल ईव्हिनिंग’. पुरुषांनी गडद सूट किंवा टक्सिडो घालावा, बायकांनी गाऊन. खाली बारीक अक्षरांत : आपापल्या देशाचा पोशाखही चालेल.

ती बारीक ओळ ऐकून बायकोने कपाटातली पैठणी काढली, बॅगेत ठेवली आणि भाजी निवडायला बसली. एकूण वेळ चार मिनिटं.

माझ्या देशाचा पोशाख कोणता, हे मात्र चार दिवसांतही ठरेना. धोतर मी एकदाच नेसलो आहे, मुंजीत नव्हे, लग्नात, आणि तेही भटजींनी नेसवलं, मामाने धरून ठेवलं. झब्बा-लेंगा घातला की मी मंगल कार्यालयात ताटं मोजायला ठेवलेला माणूस दिसतो. मागे एका लग्नात मला एकाने खरोखरच ‘जिलबी संपली का हो?’ असं विचारलं होतं. सॉल्ट लेकला पोचल्यावर मुलीच्या शेजारच्या बंगाली काकांनी धुती-पांजाबी सुचवली. पांजाबी म्हणजे आपला झब्बा. पंजाबशी त्याचा काय संबंध ते विचारायची सोय नसते. धुतीच्या निऱ्यांचा पुढचा झुपका, त्यांचा ‘कोंचा’, डाव्या हातात फुलासारखा धरून चालायचं असतं. काकांनी चालून दाखवलं. छान दिसत होते. मी विचारलं, एका हातात कोंचा, दुसऱ्या हातात बशी, मग जेवायचं कशाने? काका थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, धुती नेसणारा माणूस बशी स्वतः धरत नाही.

शेवटी काळा कोट. लग्नात, 1989 साली, दादरला शिवलेला. त्या साली कोट आणि मी एकाच मापाचे होतो. पुढे कोट होता तिथेच राहिला. त्याच्या जोडीच्या पँटबद्दल मी बोलणार नाही. ती बोहारणीकडे गेली आणि तिच्या बदल्यात आलेलं पातेलं आजही आमच्याकडे आहे.

मुलगी एका संध्याकाळी मला रिक्षात घालून एका ब्लॉकाच्या मार्केटमधल्या मास्टरजींकडे घेऊन गेली. मास्टरजी मेटियाब्रुजचे. अवधचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह 1856 साली तिथे येऊन राहिला आणि मागोमाग त्याचे आचारी, गवई, पतंगवाले, शिंपीही आले. त्यातले पतंग उडून गेले असतील, पण शिंपी टिकले. मेटियाब्रुज अजूनही कपडे शिवणाऱ्यांचं गाव आहे. मास्टरजींनी माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि डॉक्टर जसे ‘नातेवाईक कोण आहेत?’ विचारतात तशा नजरेने मुलीकडे पाहिलं. मग अस्तर उलटून शिवणीत दाबलेलं कापड बोटाने मोजलं.

“डेढ़ इंच है,” ते म्हणाले. “दादर का दर्जी समझदार आदमी था. उसको सब मालूम था.”

शुक्रवारी या, म्हणाले. गुलाबी पावती दिली. शुक्रवारी रात्रीच आमचं विमान.

मधल्या चार दिवसांत कोलकात्याने माझा घात केला. डिसेंबर होता. हवा आपल्याकडच्या नाताळातल्या पुण्याइतकी, पण अख्खं शहर माकडटोपी घालून हिमालयात असल्यासारखं हिंडत होतं, आणि दुकानोदुकानी खजुराचा नवा गूळ, नोलेन गूळ, आला होता. त्याचे रसगुल्ले विटकरी रंगाचे असतात. मी हावडा ब्रिज पाहिला, व्हिक्टोरिया पाहिला, बेलूर मठ पाहिला. त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेलं आहे. रसगुल्ल्यांचा हिशेब मी ठेवला नाही, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चहाच्या बिलांवर शेरे मारले त्याला हे शोभत नाही, हे मला कबूल आहे. बुधवारी रात्री एका रसगुल्ल्यातून गुळाच्या पाकाचा थेंब निसटला आणि बरोबर गुलाबी पावतीवर पडला.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता मी पावती काढली. मुलगी ऑफिसात. बायको शेजारच्या काकूंबरोबर श्रीरामपूरला, म्हणजे इकडच्या, हुगळीकाठच्या श्रीरामपूरला, गेलेली. पावतीवर ब्लॉकाची दोन इंग्रजी अक्षरं होती. दुसरं डी. पहिल्याच्या जागी पाकाचा तपकिरी डाग. छापलेला फोन लावला तर तो नंबर अस्तित्वात नसल्याचं एका बाईने तीन भाषांत सांगितलं. मुलीचा फोन मीटिंगमुळे बंद.

आता सॉल्ट लेक समजून घ्या, म्हणजे मला हसणं जरा कमी होईल. मुळात ही खाऱ्या पाण्याची दलदल. डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना, 1962 साली, हुगळीच्या तळचा गाळ पाइपांतून आणून ती भरायला घेतली. कागदावर नाव म्हणून बिधाननगर. आराखडा केला दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह नगररचनाकाराने. रस्ते नीट, झाडं भरपूर, चौकाचौकांत गोल बेट, ब्लॉकाब्लॉकाला बाग, मार्केट. आणि ब्लॉकांना नावं म्हणून नुसती अक्षरांची जोडपी. एडी आहे, बीडी आहे, सीडी आहे, डीडी आहे, ईडी, एफडी, जीडीही आहे. खुणेला पाण्याची टाकी पाहावी, तर टाक्याही सगळ्या बहिणी-बहिणी, त्यांना फक्त नंबर. गल्लीच्या तोंडाशी एक वाकडं पिंपळाचं झाड, एक मारुती आणि एक गटार असल्याशिवाय आपल्याला पत्ता सापडत नाही. तोश्कोविचच्या आराखड्यात वाकडं काहीच नव्हतं. पुढे त्याचा देशही नकाशावर सापडेनासा झाला, याचं मला त्या दुपारी मुळीच नवल वाटलं नाही.

नाक्यावर सायकलरिक्षा होती. मूळचा छपऱ्याकडचा चालक पाय वर घेऊन पहुडला होता. मी ऑडिटच्या पद्धतीने वर्णानुक्रमे जायचं ठरवलं होतं, पण एडी विसरलो आणि बीपासून सुरू केलं.

“बीडी किधर है?”

त्याने कानावरची विडी काढून मला दिली.

हा गैरसमज मिटायला पाच मिनिटं आणि त्याच्या दोन विड्या गेल्या. मग तासाच्या बोलीवर रिक्षा ठरली. बीडीच्या मार्केटात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि एकजात सगळी शटरं खाली होती. दुपारी झोपणाऱ्या दुकानदारांबद्दल पुण्याला उगाच नावं ठेवतात. पुण्यात निदान पाटी असते. इथे काहीच नव्हतं, फक्त एक कुत्रं होतं आणि तेही झोपलेलं. हे ते मार्केट नव्हे, असा मी निकाल दिला. पुढे चला.

सीडी. नाही. डीडी. नाही. एडी आठवला, मागे फिरलो. तिथे एक शिंपी होता, पण तो फक्त ब्लाउज शिवत होता आणि माझ्याकडे संशयाने पाहत होता. स्टेडियम दोनदा दिसलं, दोन्ही वेळा वेगळ्या बाजूला. उन्हं उतरायला लागली. माझ्या पायाशी पाण्याची बाटली आणि हातात एक डागाळलेला गुलाबी कागद. मी चालकाला म्हटलं, आता ईडी.

तो पायडल थांबवून वळला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ईडी?” मी ठामपणे म्हटलं, ईडी. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला. काही न बोलता त्याने रिक्षा वळवली आणि दहा मिनिटांत एका प्रचंड सरकारी इमारतीच्या फाटकाशी नेऊन उभी केली. तिथे पोलीस होते, कॅमेरे घेतलेली पोरं होती, कुणाची तरी वाट पाहत कंटाळलेली. ईडीचं, म्हणजे ज्या ईडीच्या नावाने टीव्हीवर रोज संध्याकाळी आरडाओरडा चालतो त्या ईडीचं, कोलकात्याचं कार्यालय सॉल्ट लेकच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये आहे, हे मला तेव्हा कळलं. एका पोराने सवयीने कॅमेरा उचलला. चौतीस वर्षांत मी कुणाचं पेनही घरी नेलं नाही, पण त्या क्षणी मी पावतीने तोंड झाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. श्रीरामपूरहून बायको.

“अहो, मी कुठे उभी आहे माहितीये?”

“मी कुठे उभा आहे ते विचार,” मी म्हटलं.

तिने विचारलं नाही. ती पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आत ती पुढच्या प्रश्नावर असते. श्रीरामपूर कॉलेजपाशी ती उभी होती. गोपाळराव जोशी तिथे टपाल खात्यात होते, आणि त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, फेब्रुवारी 1883 मध्ये तिथेच भाषण करून सांगितलं की मी अमेरिकेला जाणार, हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येणार. 7 एप्रिलला कोलकात्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ नावाच्या जहाजावर चढल्या. वय अठरा. नवरा बरोबर नाही. “आणि साडी!” बायको ओरडली. “पुढे तिकडच्या थंडीत पाय उघडे राहतात म्हणून नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली, पण गाऊन नाही घातला. तीन वर्षांनी, 1886 ला, साडीतच डॉक्टर झाली. आणि तुम्ही?”

मी म्हणालो की टक्सिडोचं नावही 1886 सालच्याच न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क क्लबातल्या गोष्टीशी जोडतात, हे मी सूचना वाचताना शोधून काढलं होतं. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे असं का वाटलं ते आता आठवत नाही. तिने तो ऐकलाही नाही. तिने ज्ञानदानंदिनी देवींकडे मोर्चा वळवला होता : सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नोकरीला होते, ते बायकोला 1864 साली जहाजाने कोलकात्याहून मुंबईला घेऊन निघाले, आणि त्या वेळी बंगाली बायकांना बाहेर पडताना घालण्याजोगं काही नव्हतं. मग एका फ्रेंच दुकानातून खास पोशाख शिवून घेतला, तो त्या बिचारीला एकटीने घालताच येईना. मुंबईत पारशी घरात राहून ती नीट साडी नेसायला शिकली आणि ती पद्धत बंगालात घेऊन आली. “म्हणजे जहाजावर काय घालायचं हे आमच्या बाजूने दीडशे वर्षांपूर्वीच ठरलंय,” बायको म्हणाली. “तुमचं चालू द्या.” आणि फोन ठेवला.

मला राग आला. खरंच आला. मला आनंदीबाईंबद्दल आदर आहे, पण ईडीच्या दारात रिक्षात बसून तो व्यक्त करता येत नाही.

एफडी, जीडी पाहून झाले. साडेपाच वाजले, दिवे लागले, पोरं बॅडमिंटन खेळायला बागेत उतरली. मी हरलो. चालकाला म्हटलं, सोडा मला घरी. तो म्हणाला, “बाबूजी, एक बार बीडी और देख लें?” मला वाटलं पुन्हा विडी देतोय. नाही. शटरं आता उघडली असतील, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि हे त्याला अडीच वाजल्यापासून माहीत होतं. तेव्हाच का नाही सांगितलं? तर मी तासाच्या बोलीवर होतो.

बीडी. मास्टरजी तोंडावर पाणी मारून नुकतेच बसले होते. कोट हँगरला होता, नव्यासारखा. मी घातला. खांदे बसले, हात बसले. बटण लागलं आणि मी श्वास घेतला तसं सुटलं. मास्टरजींनी टेप काढली, माझ्या पोटाला लावली, वहीतला सोमवारचा आकडा पाहिला. “नोलेन गुड़?” त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. शिवणीत आता एक दोराही कापड उरलं नव्हतं. “खुला पहनिए,” ते म्हणाले, “बड़े लोग खुला ही पहनते हैं.”

मग त्यांनी गल्ल्यातून वर्तमानपत्राची छोटी पुडी काढून माझ्या हातात ठेवली. अस्तर उसवताना आतल्या खिशाच्या तळाशी मिळालं, म्हणाले. पूजेचं काही असेल म्हणून फेकलं नाही. मी पुडी उघडली. तांदळाचे सात-आठ दाणे, कुंकवाचा रंग फिकट होऊन गुलाबीसर झालेला.

अक्षता. दादरच्या त्या हॉलमध्ये कुणी टाकल्या असतील? बहुधा माझ्या आईने. तिचा नेम कधीच चुकत नसे. मी त्या रस्त्यावरच्या दिव्याखाली पाहत उभा राहिलो. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. मास्टरजी दुसरीकडे बघत सुईत दोरा ओवत होते, आणि रिक्षावालाही काही बोलला नाही, त्याचा तास चालू असूनही.

घरी बायको परतली होती, पायांना सूज, हातात संदेशची हंडी. मी काही न बोलता पुडी तिच्यापुढे उघडली. तिने चष्मा लावला. एक दाणा बोटावर घेतला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “म्हणजे पस्तीस वर्षांत हा कोट तुम्ही एकदासुद्धा धुवायला टाकला नाहीत?” आणि पुडी पुन्हा नीट घडी घालून पैठणीच्या घडीत ठेवली.

तिसऱ्या रात्री जहाजावर फॉर्मल ईव्हिनिंग झाली. राजकोटची तीस माणसं टी-शर्ट घालून बुफेच्या रांगेत होती. एक चिनी आजोबा स्लिपर्समध्ये. बायकोच्या पैठणीबरोबर सहा अनोळखी कुटुंबांनी फोटो काढले आणि प्रत्येक वेळी मला बाजूला व्हायला सांगितलं. नवव्या पानाप्रमाणे काळा कोट, पांढरा शर्ट, बो अशा पूर्ण वेषात अख्ख्या हॉलमध्ये फक्त वेटर होते, आणि मी. दोघांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

फोटोसाठी म्हणून मी श्वास रोखून बटण लावलं होतं. आमच्या टेबलाचा वेटर सूप घेऊन आला, छातीवरच्या पट्टीवर नाव मराठी. गाव विचारलं तर दापोलीकडचा निघाला. त्याने वाटी ठेवली, माझ्या बटणाकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि वाकून हळूच म्हणाला,

“काका, ते सोडा आत्ताच. अजून पाच कोर्स आहेत.”