ग्रँटसाहेबांचं भाड्याचं घर

शिकागोजवळ लेकीकडे गेलो की आठवडाभरात माझ्यातला निवृत्त इतिहास शिक्षक जागा होतो. यंदा त्याला शांत करायला जावयांनी आम्हाला गलीनाला नेलं. इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यातलं हे तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव म्हणजे कौंटीचं मुख्य ठाणं. मी आदल्या रात्री जागून वाचून काढलं होतं, त्यामुळे गाडीतच तास सुरू झाला. गलीना म्हणजे शिशाचं खनिज. त्या शिशावर गाव गबर झालं, आगबोटी थेट बाजारपेठेशी लागायच्या. पुढे नदी गाळाने भरली आणि बोटी गेल्या.

"आणि ही कौंटी जो डाविएस!"

"बाबा, डेव्हिस म्हणतात."

"स्पेलिंग बघ ना!"

स्पेलिंगच चुकलेलं निघालं. १८११ मध्ये टिपेकनूच्या लढाईत पडलेल्या ज्या वीराचं नाव दिलं, त्याच्या आडनावातली दोन अक्षरं सरकारदरबारी बदलून गेली, ती गेलीच. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या सातबाऱ्यावरही आजोबा 'गोविंद'चे 'गोंविद' झालेत.

मेन स्ट्रीटच्या तोंडाशी भलीमोठी दारं दिसली. नातवाला म्हटलं, "किल्ल्याचा महादरवाजा!" ती पूर आला की लावायची दारं होती.

आता अब्रू वाचवायला ग्रँटचं घर हवंच होतं. अडतिसाव्या वर्षी हा गृहस्थ इथे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली कारकुनी करायला आला. वर्षभरात यादवी युद्ध पेटलं. १८६५ मध्ये तो विजयी सेनापती होऊन परतला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला घर भेट दिलं. पुढे राष्ट्राध्यक्ष! पत्ता मला पाठ होता : हाय स्ट्रीट. तिथे जायला टेकडीवर दोनशेहून जास्त पायऱ्या. जावई म्हणाले, "फोनवर एकदा बघू का?" मी म्हटलं, "इतिहास फोनवर बघायचा नसतो."

सज्जनगड चढलेला माणूस मी; पण तेव्हा गुडघे पंचविशीचे होते. वर पोचलो तेव्हा तोंडून शब्द फुटेना. विटांच्या एका साध्या घराकडे नुसता हात केला आणि दम खात म्हणालो, "हेच... गावाने... दिलेलं..."

शेजारच्या अंगणात झाडांना पाणी घालणाऱ्या बाईंनी नळी बाजूला धरली. हसून म्हणाल्या, "इथे ते युद्धाआधी भाड्याने राहायचे. भेटीचं घर ते तिकडे, नदीपलीकडे. गाडीने जाता येतं."

उतरताना ही पायऱ्या मोजत होती. दर वीस पायऱ्यांनी थांबून म्हणायची, "गाडीने जाता येतं म्हणे."

खऱ्या घरापाशी मी गाडीतच बसून राहिलो, गुडघ्यांना बाम चोळत. माझा हुकमाचा पत्ता शिल्लक होता. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाला आणि १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला, हे तिथल्या गाइडला ऐकवायचं होतं. ते शेवटी परत आलेल्या नातवालाच ऐकवलं.

"मुंबईत कुठे राहिला, आजोबा?"

"मलबार हिलला, गव्हर्नरच्या बंगल्यावर."

नातवाने बापाकडे बघितलं. जावयांनी निमूटपणे खिशातून फोन काढला.