एका गुप्त कटाच्या सूत्रधारास अनावृत पत्र

चि. तिसऱ्या मजल्यावरील उपवर तरुणास अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष.

गेल्या रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर, आपल्या चाळीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशास तू जी मसलत भरविलीस, तिची इत्तला दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येण्यापूर्वीच सर्व मजल्यांस पोहोचली होती, हे तुझ्या कानावर घालणे मी वडीलकीच्या नात्याने माझे कर्तव्य समजतो. हे पत्र उघडे लिहिण्याचे कारण इतकेच की, गिरगावच्या चाळीत बंद पाकिटातील मजकूर अधिक लोक वाचतात.

योजना मला कळली ती अशी. लालबागेत राहणाऱ्या त्या सुविद्य कन्येस, दादरला रानडे रोडवर साडी पाहावयाची आहे अशा बतावणीने तिच्याच थोरल्या बहिणीने घराबाहेर काढावे. टॅक्सी काही निमित्ताने गिरगाव चौपाटीकडे वळवावी. तेथे सूर्यास्ताच्या सुमारास, भेळेच्या गाड्यांआड दडून बसलेल्या उभय पक्षांच्या चाळीसेक आप्तेष्टांनी एका इशाऱ्यासरशी प्रकट व्हावे. परळच्या तुझ्या मित्रांच्या पथकाने ढोलताशांचा गजर करावा. आणि या कल्लोळात तू वाळूत गुडघा टेकून, अंगठीची डबी उघडून, तिला लग्नाची मागणी घालावीस. आधी शिवाजी पार्कचा विचार होता, परंतु ते मैदान उच्च न्यायालयाने २०१० साली शांतता क्षेत्र ठरविले असल्यामुळे ढोलाची पंचाईत झाली असे समजते. न्यायालयाच्या काही निर्णयांची दूरदृष्टी अशी सवडीने उमगते.

लालबागहून दादरला निघालेली टॅक्सी नेमक्या उलट दिशेने भायखळ्याकडे धावू लागली तरी जन्माने लालबागकर असलेल्या मुलीस संशय येऊ नये, ही तुझी अपेक्षा मी तिच्या प्रेमावरील तुझ्या श्रद्धेच्या खाती जमा करतो. चाळीस मराठी नातलग एका ठिकाणी जमून, त्यांतही समोर भेळ असता, अर्धा तास निःशब्द राहतील या गृहीतकाची मात्र कोणत्या खाती नोंद करावी हे मला कळत नाही. तुझ्या परळच्या आत्याबाईंनी आनंदाश्रू ढाळण्याचे काम आपल्याकडे घेतले असून, तालीम म्हणून त्या आतापासूनच जिन्यात भेटेल त्याच्याजवळ ढाळीत आहेत. लालबागचे तिचे मामा, ज्यांची गिरणी १९८२ च्या संपानंतर पुन्हा सुरू झालीच नाही, ते परवा मला म्हणाले की संपकाळातल्या बैठकांनाही एवढी गुप्तता पाळल्याचे त्यांना स्मरत नाही. आणि माझ्याकडे सोपविलेली कामगिरी अशी की, चाळीतील ज्येष्ठांस बसने चौपाटीवर न्यावे आणि इशारा होईपर्यंत त्यांपैकी कोणी खोकणार नाही याचा चोख बंदोबस्त ठेवावा.

येथवर सर्व ठीक. माझी तक्रार निराळी आहे.

आम्हां जुन्या माणसांच्या लग्नांची तुम्ही तरुण मंडळी यथेच्छ टवाळी करता, आणि ती आम्हांस गोडही वाटते. त्या काळी मध्यस्थ घरी येई, टिपणे जुळत, बैठक होई, मानपानाच्या याद्यांवर सह्या होत, कार्यालयाच्या तारखेची चौकशी होई. आणि हे सर्व, किंवा यांतले पुष्कळसे, मनोमन ठरून चुकल्यावर मुलीस पोह्यांची बशी हाती देऊन बाहेर आणीत, तिच्या मताची वाच्यता होण्याचे कारण नसे. आता तुझ्या नव्या पद्धतीकडे पाहा. मुलीच्या वडिलांची संमती तू महिन्यापूर्वीच घेतलीस. बोटाचे माप बहिणीने तिच्या नकळत पळविले. दादरच्या दोन कार्यालयांत मुहूर्ताच्या तारखांची विचारपूस झाली. छायाचित्रकारास विसार पोहोचला. मिठाईचा नमुना आत्याबाईंनी पसंत केला. या अवघ्या दरबारात ज्या एकाच व्यक्तीस अद्याप काही विचारलेले नाही, ती व्यक्ती वधू होय. फरक एवढाच की, पूर्वी नाही म्हणावयाचे झाल्यास ते तिला चार वडीलधाऱ्यांसमोर म्हणावे लागे. तुझ्या व्यवस्थेत ते चाळीस आप्त, एक ढोलपथक आणि दोन कॅमेरे यांच्यासमोर म्हणावे लागेल. संख्यावाढ हीच प्रगती मानली, तर तू आमच्या दहापट पुरोगामी आहेस.

आमच्या सरकारास आपण सर्वजण दिरंगाईबद्दल दूषणे देतो. परंतु १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली कोणी विवाहाची नोटीस दिली, तर ती कचेरीत ठळक जागी डकविली जाते आणि कोणाही त्रयस्थास कायदेशीर हरकत दाखल करण्यास तीस दिवसांची मुदत मिळते. तू प्रत्यक्ष वधूस ढोलाच्या दोन ठेक्यांमधील अवकाश देऊ केला आहेस.

आणि तो अवकाशही गिरगावात! याच गिरगावात डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेल्या रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी वडीलधाऱ्यांनी लावून दिले होते. पुढे पती दादाजी भिकाजी यांनी नांदावयास यावे म्हणून १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो काढून टाकला, पण अपिलानंतर १८८७ साली हुकूम झाला की पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. बाई म्हणाल्या, कैद पत्करली. अखेर दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. तुझे प्रकरण त्या थराला जाणार नाही हे मी जाणतो. ती मुलगी बहुधा हो म्हणेल, आणि मनापासून म्हणेल. पण ज्या पेठेतील एका बाईस केवळ ‘नाही’ म्हणता यावे म्हणून वर्षानुवर्षे कज्जा लढवावा लागला, तेथे ‘नाही’चा रस्ता ढोलताशांनी अडवून मग ‘हो’ मागणे मला किंचित अशिष्ट वाटते, इतकेच.

सबब, खोकला-बंदोबस्ताच्या कामगिरीचा मी राजीनामा देत आहे. माझी सूचना अशी की, येत्या शनिवारी तू एकटा लालबागला जावेस, तिला एकटीलाच भारतमाता सिनेमाच्या आसपास कोठेतरी चहास न्यावेस, आणि विचारावेस. उत्तरास तिने आठवडा मागितला तर तो द्यावास. होकार आला, तर चौपाटी, ढोल, आप्तेष्ट यांचा कार्यक्रम साखरपुडा म्हणून अवश्य कर. नकार आला, तर पथकाचा विसार गणपतीच्या आगमनाकडे वळता करण्याबद्दल मी स्वतः मंडळाच्या खजिनदाराशी बोलेन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा शुभचिंतक,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली

ता. क. हा राजीनामा माझ्यापुरता आहे. आमच्या सौभाग्यवतींनी या प्रसंगासाठी नारायणपेठ आधीच घेतली असल्यामुळे, कार्यक्रम कोणत्याही स्वरूपात झाला तरी आपण येणारच, असे त्यांनी तुला कळविण्यास सांगितले आहे.