उद्या सगळ्यांनीच मागितला तर?

विजेच्या गाडीला किती युनिट लागतात, हे शोरूममधला मुलगा तोंडपाठ सांगतो. एनओसी लागते, हे मात्र तो सांगत नाही.

गाडी दारात येते. हिरवी पाटी, पांढरे आकडे. चाकाखाली लिंबं चिरडून होतात, पेढे वाटून होतात. मग मालक सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज करतो : माझ्याच मीटरवरून, माझ्याच खर्चाने, माझ्याच पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा एक पॉइंट काढू द्यावा. सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "उद्या सगळ्यांनीच मागितला तर?"

या प्रश्नाला अजून कुठल्याही सोसायटीत उत्तर मिळालेलं नाही.

कमिटीची पहिली हरकत लोडची. असा पॉइंट साधारण 3.3 किलोवॅट ओढतो. बाथरूममधला इन्स्टंट गिझर ओढतो 3. सकाळी सहा वाजता अख्ख्या विंगचे गिझर एकदम सुरू होतात, तेव्हा कुणाला एनओसी आठवत नाही. 30 युनिटची बॅटरी रात्रभरात, नऊ-दहा तासांत, सोसायटी घोरत असताना भरते. पण एनओसी तिलाच.

दुसरी हरकत आगीची. बॅटरी पेट घेते, हे खोटं नाही. म्हणून तर स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी हवा. तो बसवायला एनओसी हवी. ती मिळत नाही, म्हणून मालक बाल्कनीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडतो, म्हणजे ज्या आगीला कमिटी घाबरते तिची सोय कमिटीच करून देते. आणि हे आगीला घाबरणारे लोक आपली मीटर रूम एकदा उघडून तरी बघतात का? आत दोन मोडक्या खुर्च्या, रंगाचे अर्धे डबे, कुणाच्या तरी मुलाची सायकल आणि मीटरच्या पॅनेलला टेकवून ठेवलेला जुना गणपतीचा थर्माकोलचा महाल, खांब-कमानींसकट! राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली 2018 मध्ये. घरी गाडी चार्ज करायची मुभा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आली तीही 2018 मध्येच. ज्याला बंदी तो महाल मीटरला टेकून निवांत उभा, आणि जिला मुभा ती गाडी मॉलच्या चार्जरवर रांगेत. महालाची एनओसी कुणी दिली? कुठल्या सभेत? सूचक कोण, अनुमोदक कोण?

अर्ज आता वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली जाईल. त्यात गच्चीची गळती आणि कबुतरांची जाळी आधी. तोवर 500 च्या स्टँप पेपरवर हमीपत्र आणून ठेवा, असं मालकाला तोंडी सांगितलंय.

दरम्यान वॉचमनच्या केबिनमध्ये, कॉमन मीटरवर, सेक्रेटरींच्या सुनेची ई-स्कूटर रोज चार्ज होते. तिचा अर्जच आलेला नाही, त्यामुळे हरकतही नाही.