भूक मेली, सराफा जिवंत

केटो डाएटवाले एक गोष्ट छाती ठोकून सांगतात: थोड्याच दिवसांत भूकच लागेनाशी होते. पुण्या-मुंबईत या वाक्यासाठी माणसं पैसे मोजतात. इंदुरात त्याने काही साधत नाही, कारण इथे भूक लागली म्हणून खातं कोण? सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. तोवर सगळं शहर घरून वरण-भात, पोळी-भाजी रीतसर जेवून आलेलं असतं. त्या गर्दीत खरोखर भुकेलेला एखादाच सापडेल, आणि तो बहुधा बाहेरगावचा.

अशा शहरात रामबागेतल्या आमच्या काकांनी केटो धरलं आहे. त्याआधी ते डॉ. दीक्षितांच्या वाटेने जाऊन आले. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत. काकांनी नियम काटेकोर पाळला: एकदा घरी, एकदा सराफ्यात. घोळ मिनिटांचा झाला, कारण हिवाळ्यात गराडूच्या कढईपुढेच अर्धा तास जातो.

केटोत दिवसभरात पिष्ट आणि साखर मिळून २० ते ५० ग्रॅम, प्रोटीन बेताचं, बाकी बहुतेक स्निग्ध. १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फेफऱ्याच्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला. तेव्हा इथे तुकोजीराव होळकर तिसरे गादीवर होते, आणि बाफल्यावर तूप किती ओतायचं यासाठी रयतेला अमेरिकेचा सल्ला लागत नव्हता. मूत्रपिंडाचा त्रास किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे प्रकरण डॉक्टरला विचारूनच करायचं असतं. काकांनी जिमच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “कर डालो भिया.”

या सगळ्यातून काकांना दोनच शब्द ऐकू आले: तूप चालतं. तेव्हापासून ते बाफला सोडून बाफल्याचं तूप खातात. खोपरा पॅटीसचं कवच फोडून आतलं खोबरं स्वतः घेतात, बटाटा काकूंच्या द्रोणात सारतात. “अहो, मी काय तुमचं उष्टं खायला आले इथवर?” काकू म्हणतात. “खोबरं केटो आहे गं,” काका मनुका वेचत समजावतात.

आणि भूक खरंच मेली. यात थाप नाही. वजन उतरलं की भूक चाळवणारं घ्रेलिन एरवी वर चढतं. शरीर केटोसिसमध्ये असेपर्यंत ते तितकं चढत नाही, असं २०१३ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. काका रात्री दहाला झोपायला निघाले तशी घरात धावपळ उडाली. सुनेने बीपी मोजलं. शेजारचे दोनदा विचारून गेले, “काका, सगळं ठीक ना?”

ठीक नव्हतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आयसीएमआरने २०२० मध्ये रोजचं प्रोटीन किलोमागे ०.८३ ग्रॅम ठरवलं. काका सत्तर किलोचे, म्हणजे ५८ ग्रॅम झाले. तुपात प्रोटीन शून्य. लोणी घातलेल्या कॉफीत नावापुरतं. डाळीत आहे, पण शंभर ग्रॅम डाळीत बावीसेक ग्रॅम प्रोटीनबरोबर साठेक ग्रॅम पिष्टही घरात शिरतं, म्हणून केटोवाले तिला दारातच अडवतात. अंड्यात सहा ग्रॅम. पण या घरात अंड्याचं भांडं गॅलरीत राहतं आणि काकांना गॅलरीत जायची परवानगी रविवारीच. राहिलं पनीर. शंभर ग्रॅमला अठराएक ग्रॅम धरलं तर रोज पावशेराहून जास्त पनीर खायला हवं. काका खातात चार तुकडे. भूकच नाही तर खाणार कसं? मग शरीर दंडा-मांड्यांतून वसुली करतं. वजनकाट्याला चरबी कुठली आणि स्नायू कुठले हे कळत नाही, त्यामुळे काका रोज सकाळी खूष.

सिम्पसन आणि रॉबेनहायमर या दोन जीवशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक कल्पना मांडली: प्रोटीनचा वाटा पुरा होईपर्यंत माणूस खात सुटतो. ती कळल्यापासून मला इंदूर एकदम समजलं. सकाळी पोहे-जिलबी, वर शेव, दुपारी कचोरी, रात्री भुट्ट्याचा कीस, मग मालपुवा. हे अख्खं शहर मध्यरात्र उलटेपर्यंत प्रोटीन शोधत हिंडतंय. ते सापडत नाही, जलेबा सापडतो.

आणि शोधतंय कुठे? माळव्यात! इथल्या काळ्या मातीत सोयाबीन पिकतं, ज्यात चाळीस टक्के प्रोटीन आणि वीस टक्के तेल. त्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून इंदुरात, प्रक्रिया करणाऱ्यांची देशव्यापी संघटनाही इथलीच. तेल काढून आपण कढईत ओततो आणि त्यात शेव तळतो. उरलेली प्रोटीनची पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते, थोडी जहाजात बसून परदेशी कोंबड्यांकडे. त्यानंतर काका जिममधून परदेशी व्हे पावडरचा डबा विकत आणतात. पलीकडे झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्याची ख्याती प्रोटीन जास्त, चरबी कमी अशी. तो ना काकांच्या धर्मात बसतो, ना त्यांच्या केटोत.

परवा काकूंनी सोया पनीर आणलं. काकांनी पिशवी उलटीसुलटी करून वाचली. “अगं, हे तर कोंबड्यांचं खाणं!”

“हो ना,” काकू कढई तापवत म्हणाल्या, “आणि त्या काल जिना चढताना तुमच्यासारख्या तीनदा बसल्या नाहीत.”