दुसरा मेंदू, मु. पो. कळंब

पोळ्याला पुतण्या पुण्याहून कळंबला आला, तेव्हा मी बैठकीत सतरंजीवर कागद पसरून बसलो होतो. एसटीची तिकिटं, कृषी केंद्राच्या पावत्या, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. एका चिठ्ठीवर ठळक अक्षरात नुसतंच 'हे फार महत्त्वाचं!' असं लिहिलेलं होतं. काय महत्त्वाचं, त्याचा पत्ता नव्हता.

"काकाजी, हे काय करून राहिले? तुमाले दुसरा मेंदू पाहिजे जी."

"पयल्याचं काय झालं, ते इचार त्याइले आधी," स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली.

दुसरा मेंदू ही टियागो फोर्टे या अमेरिकन लेखकाची कल्पना. 2022 साली त्याचं त्यावर पुस्तक आलं आणि जगभरातली लिहिती-वाचती माणसं नादी लागली. लक्षात ठेवायचं काम फोनवर सोपवायचं आणि त्यासाठी चार कप्पे करायचे: हातातली कामं, कायमच्या जबाबदाऱ्या, कधीतरी कामाला येईल असं, आणि जुनंपुराणं. पुतण्याने कप्पे करून दिले. माझं झाडून सगळं तिसऱ्यात गेलं. 'कामाला येईल' या सबबीवर आमच्या माळ्यावर बिनबुडाची घागरही आहे, तिथे टिपणांची काय कथा!

तो परत गेल्यावर मी अ‍ॅप बदललं. मग तेही बदललं. नोशन झालं, ऑब्सिडियन झालं, गूगल कीप झालं. प्रत्येक ठिकाणी आधी रंग ठरवायचे. कापूस पांढरा, सोयाबीन पिवळं. तुरीचा रंग ठरवण्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि काय समाधान वाटलं म्हणून सांगू! लेख लिहिताना असं समाधान मिळत नाही, हे या अ‍ॅपवाल्यांनी बरोबर हेरलंय. न लिहिता लिहिल्याचा आनंद देणारा धंदा आहे हा, आणि तो चालणारच.

शेवटी चारचौघांसारखा व्हॉट्सअ‍ॅपवर आलो. तिथे आता स्वतःलाच निरोप धाडायची सोय आहे, पण आपल्या लोकांची युक्ती त्याहून जुनी: दोघांचा ग्रुप काढायचा आणि दुसऱ्याला हाकलायचं. मी 'टिपणं' नावाचा ग्रुप काढला, त्यात सौ.ला घेतलं आणि लगेच काढून टाकलं. संध्याकाळी तिने फोन पाहिला.

"मले काढलं?"

"अगं, ती युक्ती असते."

"युक्तीसाठी मीच सापडली काय?"

त्या दिवशीचा चहा दुसऱ्या मेंदूने केला.

शोधाशोधीचा तर वेगळाच जाच. आमच्या चिंतामणीच्या देवळावर मी कैक टिपणं केली आहेत. इथे देवाला भेटायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी चढून मूर्तीच्या पायाला लागतं, अशी श्रद्धा आहे. माझी टिपणं वर यायला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण काही ठिकाणी मी 'चिंतामणी' लिहिलंय, काही ठिकाणी 'चिंतामणि', आणि माझ्या फोनला ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत दयामाया नाही. शिवाय आमचं कळंब यवतमाळ जिल्ह्यातलं, पण कळंब म्हटलं की तो धाराशिव जिल्ह्यातलं कळंब पुढे करतो. तिथला पाऊस, तिथले सोयाबीनचे भाव मी कितीतरी दिवस भक्तिभावाने जपून ठेवत होतो.

संगणकावरच्या जुन्या फायलींचं काय सांगावं! त्या युनिकोडपूर्व काळातल्या. आज उघडल्या की कंस, टक्के, उद्गारचिन्हं आणि मधूनच एखादं इंग्रजी अक्षर. महानुभाव पंथाच्या लोकांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकं झाकून ठेवल्या, आणि त्यांची उकल बाहेरच्या अभ्यासकांना व्हायला विसावं शतक उजाडलं. पण त्यांना निदान आपलं आपल्याला वाचता येत होतं.

टिपणांचा विषय निघाला की लोक निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव घेतात. त्याच्या पेटाऱ्यात सुमारे 90,000 चिठ्ठ्या होत्या. असतील. मला मात्र शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला बसून लिहिणारे म्हाइंभट आठवतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करायला हा माणूस गावोगाव फिरला. ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याच्याकडेच जायचं. मिळालं ते स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घ्यायचं. त्यातून 'लीळाचरित्र' झालं. पुढे परचक्रात मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. तेव्हा शिष्यांनी पाठ असलेल्या लीळांवरून ती पुन्हा उभी केली. आज दिसणाऱ्या पाठभेदांमागे तेही एक कारण. म्हणजे सगळा बॅकअप पहिल्याच मेंदूत होता. हे मी पुतण्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "काकाजी, मस्त आहे. नोट करून ठेवा."

केली. कुठे, ते विचारू नका.

28 फेब्रुवारी 2024 ला वर्ध्याहून देवळी, भिडी करत रेल्वे आमच्या कळंबला येऊन पोचली. वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गाडी. त्याच सुमारास एका संपादकांनी तिच्यावर लेख मागितला. माझ्याकडे सामग्री तयार आहे: फोटो आहेत, स्टेशनावर भेटलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं टिपून ठेवलंय, हिरवी खूण लावलेला स्वतंत्र कप्पा आहे. गाडी धावू लागली, लेख अजून भूसंपादनातच अडकलाय. संपादकांना वाटतं मी टाळतोय. मी टाळत नाही, वर्गवारी करतोय.

तर वाचकहो, जुन्या फॉन्टातल्या फायली उघडून देणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर पत्राने जरूर कळवा. पाकिटावर 'जिल्हा यवतमाळ' तेवढं ठळक लिहा, नाहीतर माझी सोय धाराशिवकरांच्या घरी जाऊन पडेल.