बहात्तर पायऱ्यांचा वानप्रस्थ

अल्प उत्पन्न गटातील वृद्धांसाठीचे ‘परवडणारे व शाश्वत घर’ पनवेल परिसरात मुख्यतः जाहिरातफलकांवर आढळते.

परवडणे ही संज्ञा गणिताने उलगडते. श्रावणबाळ योजनेत पासष्टी गाठलेल्या निराधारास 2023 पासून महिना 1,500 रुपये मिळतात. घर 15 लाखांचे धरले आणि लाभार्थ्याने अन्नपाणी वर्ज्य केले, तर 1,000 महिन्यांत, म्हणजे 83 वर्षे 4 महिन्यांत रक्कम जमते. किल्ली हाती येते तेव्हा वय 148 असते.

शाश्वततेसाठी गच्चीवर सौरपॅनेल असतात. पण खरी शाश्वत सोय म्हणजे बंद लिफ्ट. तिला वीज लागत नाही, कार्बन उत्सर्जन शून्य. दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी असते. चालू असते ती पाटीच. चौथ्या मजल्यापर्यंत 72 पायऱ्या होतात. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन आजी तिथे दम खातात. अख्ख्या प्रकल्पात वृद्धांचा विचार करून बसवलेली वस्तू ती एवढीच, आणि तीही भंगारातून आलेली. योजनेला श्रावणबाळाचे नाव का, हे इथे कळते: कावड लागणार, हे आधीच ठाऊक असावे. श्रावण मात्र नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो.

फलकावर ‘विमानतळ दहा मिनिटांवर’ असे लिहिलेले असते. 2025 च्या डिसेंबरात तिथून विमाने उडू लागली, तसे हे अंतर आणखी ठळक झाले. दीड हजारात महिना काढणाऱ्या आजींना विमान कुठले गाठायचे आहे, हे फलक सांगत नाही. तळमजला ते चौथा मजला किती मिनिटे, हेही नाही. आणि तळमजला कुणाला दिलेला असतो? मोटारींना! ज्यांना गुडघे नाहीत, दमा नाही, रात्री छातीत कळ येत नाही, त्यांना जमिनीलगत पक्की सावली. आणि ज्यांना हे सगळे आहे, त्यांना सोडतीत चौथा मजला, वर ‘नशीबवान विजेते’ म्हणून टाळ्या. ही सोडत नव्हे, थट्टा आहे.

उपाय फार खर्चिक नाही. तळमजल्यावर मोटारींऐवजी घरे ठेवावीत आणि त्यांच्यासाठी साठीपुढच्या अर्जदारांच्या चिठ्ठ्या आधी काढाव्यात. मोटारी बाहेर उन्हात उभ्या राहतील. त्यांना चाके आहेत.