आधी एक प्रवेश दाखवा

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाला झाडीपट्टीचं नाटक ठरवायला गावोगावची माणसं येतात. चौघे-पाच जण, एकाच्या खिशात गावाच्या वर्गणीचे पैसे. या कंपनीच्या ऑफिसातून त्या कंपनीच्या ऑफिसात जातात, भिंतीवरची पोस्टरं न्याहाळतात. हीरो कोण, विनोदी पार्ट कुणाचा, लावणीला कोण, मुंबईचं कुणी येतंय का, आपली तारीख मोकळी आहे का? इसार देतात आणि गावी परततात. नाटकात आहे काय, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी कंपनीकडे दाखवायला पोस्टरच असतं.

बैल घ्यायचा तर हीच माणसं दात बघतात, चालवून बघतात. गावाची अख्खी रात्र मात्र कागद बघून विकत घेतात. मला हे खुपतं.

कारण झाडीपट्टीत ती रात्र वर्षाची असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धान घरात आलं की मंडईची जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती आणि नाटक. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, पाहुणचारातच सोयरिकी जुळतात. कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडप पडतो आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. थंडीत चादर गुंडाळून, तिकीट काढून बसलेल्या या माणसांनीच ही रंगभूमी जगवली. गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच बांधीतल्या कामासाठी. ८०० भूमिका, ५,०००च्या वर प्रयोग! एवढं बघितलेल्या प्रेक्षकाला नाटकातलं कळत नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून मागणं एवढंच: दिवाळीच्या आधी वडसात एक संध्याकाळ ठेवा. प्रत्येक कंपनीने यंदाच्या नाटकातला एकच प्रवेश करावा, वीस मिनिटांचा. ऑर्गन-तबला पुरे, नेपथ्य नको. समोर नाटक ठरवणाऱ्या गावोगावच्या समित्या बसतील. समितीत बायकाही आणा. मंडपात त्या निम्म्या असतात, पण ठरवायला वडसाला त्यांना कुणी नेत नाही.

कंपनीवाले म्हणतील, तेव्हा तालीमच झालेली नसते. नट आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत. प्रॉम्प्टरच्या भरवशावर नाटक उभं राहतं. प्रॉम्प्टरबद्दल माझी तक्रार नाही. विंगेतून आलेलं वाक्य कानात झेलून त्याच क्षणी त्यात जीव ओतणं सोपं नाही, ती या नटांची कमाई आहे. पण पहिल्या मंडईच्या प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे देऊन तालीम का बघावी? एक प्रवेश लोकांपुढे करायचाय म्हटलं, की निदान तेवढा तरी बसवावा लागेल. एक बसवला की दुसऱ्यातली भोकं आपोआप दिसू लागतात.

आणि लेखक. त्याचं नाव पोस्टरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. त्या संध्याकाळी प्रवेशाआधी त्याला पुढे बोलवा, नाटक कशावर आहे ते त्याच्याच तोंडून ऐकवा. मग समितीतला एखादा म्हातारा विचारेल, शेवटी त्या पोरीचं काय होते बा? तो प्रश्न पोस्टरला विचारता येत नाही.

सगळ्या कंपन्या पहिल्याच वर्षी येणार नाहीत. पाच आल्या तरी सुरुवात करावी. वडसाला गोंदियाकडून गाडी येते, चंद्रपूरकडूनही येते. माणसं येतील.